इम्प्लांटआधी हाडाची भर : बोन ग्राफ्ट म्हणजे काय, आणि काय भरणार हे आधी का विचारावं

आमच्या स्टाफरूममधल्या एका आपांची खालची दाढ पाच वर्षांपूर्वी काढली होती. आता इम्प्लांट बसवायला गेल्या, तर डॉक्टर म्हणाले, "हाड कमी आहे, आधी ग्राफ्ट करावं लागेल." दुसऱ्या दिवशी आपांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले : हाड गेलं कुठे? आणि जे भरणार, ते कुणाचं? प्रश्न अनेक घरांत पडतो, म्हणून माहिती एकत्र करून देत आहोत.

हाड का कमी होतं?

दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. चावताना त्यावर दाब येतो, म्हणून ते टिकतं. दात गेला की शरीर ते हाड हळूहळू शोषून घेतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी साधारण निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. हिरड्यांचा जुना आजार, जुना पू किंवा वर्षानुवर्षं वापरलेली कवळी यांनीही हाड झिजतं.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे डॉ. ब्रॅनेमार्क यांना १९५० च्या दशकात प्रयोग करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळून येतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. पण जुळायला आधी हाड तर हवं! साधारण चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंना एक-दीड मिलिमीटर हाड लागतं. म्हणजे रुंदी सहा-सात मिलिमीटर हवी.

उंचीचाही प्रश्न असतो. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते, खालच्या दाढांच्या खाली ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस असते. हाड किती आहे हे साध्या एक्स-रेवर पूर्ण कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन करतात.

ग्राफ्ट काम कसं करतं?

अनेकांना वाटतं, हाडाचा तुकडा चिकटवला की झालं. तसं नाही. वेलीला मांडव घालतात, तसं ग्राफ्ट असतं. त्याच्या आधाराने आपल्याच रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात आणि नवं हाड तयार करतात. बहुतेक वेळा ग्राफ्ट बारीक दाणेदार असतं. हिरडीच्या पेशी हाडापेक्षा लवकर वाढतात. त्यांनी ती जागा बळकावू नये म्हणून वरून एक पातळ पडदा ठेवतात आणि मग टाके घालतात.

वरच्या मागच्या दाढांसाठी सायनसचं अस्तर अलगद वर उचलून खाली भर घालतात. याला सायनस लिफ्ट म्हणतात. हे सगळं बहुधा जागेवरच भूल देऊन होतं. हाड पक्कं व्हायला चार ते सहा महिने, मोठ्या कामात त्याहून जास्त वेळ लागतो. कमतरता थोडी असेल तर ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकाच बैठकीतही होतं.

काय काय भरतात?

१. स्वतःचं हाड : हनुवटी किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून, मोठ्या कामात कमरेच्या हाडातून घेतात. हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी यातच असतात. पण दुसरी जखम सोसावी लागते.

२. माणसाचं दान केलेलं हाड : टिश्यू बँकेत प्रक्रिया आणि निर्जंतुकीकरण करून मिळतं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून आहे.

३. जनावराचं हाड : सर्वाधिक वापर गाय-बैलाच्या हाडाचा. त्यातला सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज सांगाडा ठेवतात. बायो-ऑस हे प्रसिद्ध उत्पादन याच प्रकारचं. डुकराच्या हाडापासून बनलेली उत्पादनंही बाजारात आहेत.

४. कृत्रिम : हायड्रॉक्सीअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास. यात प्राण्याचा किंवा माणसाचा अंश नसतो.

इथे एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे पडदा. दाण्यांची चौकशी होते, पडद्याची होत नाही. कोलॅजनचे पडदे गाय-बैलापासून किंवा डुकरापासून बनतात. बायो-गाइड हा बराच वापरला जाणारा पडदा डुकराच्या कोलॅजनचा आहे. म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा आणि पाकिटावरचे शब्द ओळखायला शिका : बोव्हाइन म्हणजे गाय-बैल, पोर्साइन म्हणजे डुक्कर, इक्वाइन म्हणजे घोडा, सिंथेटिक म्हणजे कृत्रिम.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. गाईचं हाड नको म्हणणारे हिंदू शेजारी आणि कुठल्याच जनावराचं नको म्हणणारे जैन मित्रही हेच विचारतात. त्यामुळे विचारायला लाजू नका. आपल्या शरीरात काय जाणार हे जाणून घेणं हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे.

शरई बाजू

आम्ही मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देत नाही. मुफ्तीसाहेबांना नेमकं काय विचारायचं, एवढंच सांगतो. स्वतःचं हाड स्वतःलाच लावायला, फायदा नुकसानीपेक्षा जास्त असेल तर, जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये परवानगी दिली आहे. कृत्रिम ग्राफ्टमध्ये हा वादच येत नाही. जनावराच्या हाडाबाबत मात्र मजहबनिहाय फरक आहे. हनफी फिकहमध्ये डुक्कर सोडून इतर मेलेल्या जनावराचं, चरबी नसलेलं कोरडं हाड पाक मानतात. शाफई मजहबमध्ये प्रचलित मत तसं नाही. आपल्या कोकणात बहुतेक मुसलमान शाफई आहेत, तेव्हा घाटावरच्या नातेवाइकाला मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लागू करू नका. प्रक्रियेने वस्तूचं मूळ रूप बदलतं का, दुसरा इलाज आहे का, यांवरही हुकूम अवलंबून असतो. म्हणून उत्पादनाचं नाव आणि ते कशापासून बनलं हे कागदावर लिहून न्या.

कोणी जास्त सांभाळावं?

सिगारेट, बिडी, तंबाखू, गुटखा चालू असेल तर ग्राफ्ट फसण्याचा धोका बराच वाढतो. मधुमेह ताब्यात हवा. डॉक्टर एचबीएवनसी तपासायला सांगतात. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन झालं असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

नंतरची काळजी

- पहिले चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका. रक्ताची गुठळी निघाली तर ग्राफ्टही निघू शकतं. त्या दिवसाचा वजू आणि गरज पडल्यास गुस्ल कसा करायचा, हे आलिमांना आधीच विचारून ठेवा.
- नंतरही पाणी तोंडात हळूच घ्या आणि सोडून द्या. टाके असेपर्यंत त्या बाजूला मिस्वाक नको.
- ठरवून करायचं काम रमजानच्या आधी किंवा नंतर ठेवा. पहिल्या आठवड्यात वेळेवर गोळ्या आणि भरपूर पाणी लागतं.
- सायनस लिफ्टनंतर काही दिवस नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवा.
- दोन-तीन दिवस सूज आणि एखाद-दुसरा दाणा बाहेर येणं चालतं. ताप, पू, वाढतं दुखणं किंवा ओठाला बधिरपणा राहिला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

ग्राफ्ट टाळता येतं का?

कधी कधी येतं. आखूड किंवा तिरका इम्प्लांट, ब्रिज, काढघाल करायची कवळी हे पर्याय आहेत. ब्रिजमध्ये शेजारचे चांगले दात घासावे लागतात, कवळीने हाडाची झीज चालूच राहते. खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करा.

सगळ्यात महत्त्वाचं : दात काढायच्या आधीच विचारा, "पुढे इम्प्लांट करायचा असेल तर आत्ताच खड्डा भरून ठेवता येईल का?" त्याच वेळी भर घातली तर हाडाची झीज बरीच कमी होते आणि पुढचं मोठं ऑपरेशन अनेकदा टळतं.

आपांनी शेवटी डॉक्टरांकडून उत्पादनाचं नाव लिहून घेतलं. पडदा पोर्साइन निघाला. त्यांनी दुसरा मागितला, तर डॉक्टरांनी सहज बदलून दिला. म्हणाले, "आधी सांगितलंत ते बरं केलंत." टाके पडल्यावर हे विचारून उपयोग नसतो. आपण आधीच विचारावं, एवढीच आमची विनंती.