कांचघरांतून समुद्रकांठीं : कॅमेलियाची हकीकत

परमुलखांतून आणलेलें झाड दगावलें म्हणजे त्याची निगा कमी पडली, असा निष्कर्ष मनुष्य सहसा काढतो. निगा जास्त झाल्यानेंहि झाड मरतें, हें त्याच्या लवकर ध्यानांत येत नाहीं. जपानी कॅमेलियाचा इंग्लंडांतील इतिहास हा या गोष्टीचा एक ठळक दाखला होय.

कॅमेलिया हें सदाहरित झुडूप. त्याचें मूळ स्थान जपान, कोरियाचा दक्षिण भाग आणि चीनचा पूर्वकिनारा. पानें जाड, गर्द हिरवीं व तुकतुकीत. फुलें तांबडीं, गुलाबी किंवा पांढरीं. इतर झाडें निष्पर्ण उभीं असतात अशा हिंवाळ्याच्या अखेरीस व वसंताच्या आरंभीं याला बहर येतो, हेंच याचें मोठें आकर्षण. जपानांत त्याला 'त्सुबाकी' म्हणतात आणि त्याच्या बियांचें तेल तेथील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या केंसांना लावीत आल्या आहेत. याचें एक भावंड तर महाराष्ट्रांतहि घरोघरीं पोंचलें आहे. ज्या पानांचा चहा होतो तें झुडूप याच वंशांतलें असून त्याचें शास्त्रीय नांव कॅमेलिया सायनेन्सिस असें आहे.

युरोपांत या झाडाची माहिती प्रथम ग्रंथांतून गेली. एंगेलबर्ट कॅम्फर नांवाचा जर्मन वैद्य १६९० पासून १६९२ पर्यंत नागासाकी येथील डच वखारींत होता. १७१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें त्सुबाकीचें वर्णन दिलें. पुढें लिनियसनें या वंशाला नांव ठेवलें तें मात्र कॅम्फरचें नव्हे. मनिला येथें औषधशाळा चालविणाऱ्या व फिलिपाइन्सच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या गेऑर्ग योझेफ कामेल या जेझुइट धर्मबंधूचें. कामेल १७०६ मध्येंच वारला होता आणि या झुडुपाशीं त्याचा कांहीं विशेष संबंध आला नव्हता. विद्वानाचा गौरव करावा एवढाच लिनियसचा हेतु होता.

इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील थॉर्नडन हॉल येथें लॉर्ड पीटर या तरुण उमरावाच्या बागेंत १७३९ च्या सुमारास कॅमेलियाचें फूल उमललें. तो मोठा वनस्पतिप्रेमी होता. पूर्वेकडून आलेलें झाड म्हणजे उष्ण देशाचें झाड, असा त्या काळचा समज होता. म्हणून हीं रोपें रात्रंदिवस शेगडीनें तापविलेल्या उबदार घरांत ठेवण्यांत आलीं, आणि त्या उबेनेंच तीं मेलीं असें सांगतात. जपानांत जेथें हें झाड आपोआप वाढतें तेथें हिंवाळ्यांत बर्फहि पडतें, याचा विचार कोणी केला नाहीं. लॉर्ड पीटर १७४२ मध्यें देवीच्या साथींत ऐन तारुण्यांत वारला. त्याचा माळी जेम्स गॉर्डन यानें मात्र पुढें लंडनजवळ रोपांचा व्यवसाय केला आणि त्याच्याकडून या झाडाच्या प्रसारास हातभार लागला.

१७९२ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या 'कारनॅटिक' नांवाच्या जहाजांतून चीनमधील दुहेरी पाकळ्यांची पांढरी जात इंग्लंडांत आली आणि कॅमेलियाचें वेड सुरू झालें. तरीहि झाड कांचेखालींच राहिलें. चिझिक येथें १८१३ मध्यें बांधलेलें सुमारें ३०० फूट लांबीचें कांचघर पुढें कॅमेलियांनीं भरून गेलें. वोलाटन हॉल येथें १८२३ मध्यें ओतीव लोखंडाचें घर खास याच झाडासाठीं उभारण्यांत आलें. ज्याला कांचघर परवडेल त्याचेंच हें फूल, अशी त्याची प्रतिष्ठा झाली. धाकट्या द्यूमाच्या १८४८ च्या कादंबरीची नायिका हेंच फूल धारण करते. त्या कथेवरून व्हेर्दीनें रचलेलें संगीत नाटक १८५३ सालीं रंगभूमीवर आलें. पण हौसेची लाट जशी येते तशी ओसरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागाइतांचें लक्ष इतर फुलांकडे वळलें.

हें झाड नाजूक नाहीं, याची साक्ष जर्मनींत मिळाली. ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झ येथें १८०१ मध्यें उघड्या जमिनींत लावलेल्या कॅमेलियावर दर हिंवाळ्यांत लांकडी निवारा उभारीत असत. १९०५ च्या जानेवारींत त्या निवाऱ्याला आग लागली. विझविण्यासाठीं मारलेलें पाणी कडाक्याच्या थंडीनें झाडावर गोठून गेलें. झाड गेलें असेंच सर्वांना वाटलें. परंतु पुढें त्याला पुन्हा पालवी फुटली आणि तें आजहि फुलतें.

समुद्रकांठच्या बागांत या झाडाचें खरें भाग्य उघडलें तें कॉर्नवॉलमध्यें. जॉर्ज फॉरेस्ट या संग्राहकानें चीनच्या युनान प्रांतांतून कॅमेलिया सालुएनेन्सिस या जातीचें बीं पाठविलें. केअरहेज येथें जे. सी. विल्यम्स यांनीं १९२३ च्या सुमारास तिचा जपानी कॅमेलियाशीं संकर केला. ही संकरित प्रजा 'विल्यम्सी' या नांवानें ओळखली जाते. ती कमी उन्हांतहि भरपूर फुलते, आणि कोमेजलेलीं फुलें आपोआप गळून पडत असल्यामुळें झाड नीटनेटकें दिसतें.

कॉर्नवॉलचा किनारा या झाडाला मानवतो याचीं कारणें साधीं आहेत. अटलांटिक महासागरांतील उबदार प्रवाहामुळें तेथें कडक हिमपात क्वचित् होतो, हवा दमट असते, पाऊस पुष्कळ पडतो आणि माती आम्लधर्मी आहे. समुद्राचा खारा वारा मात्र पानें करपवितो. म्हणून तेथील बागवाल्यांनीं वाऱ्याच्या तोंडाला पाइन व सदाहरित ओक यांच्या रांगा लावल्या आणि त्यांच्या आडोशाला कॅमेलिया वाढविलें. चुनखडीच्या जमिनींत पानें पिवळीं पडतात. तेथें कुंडींत आम्लधर्मी माती घालून पावसाचें पाणी द्यावें लागतें. रोप खोल पुरूं नये, कारण मुळें वरच्या थरांत पसरतात. त्यांवर कुजलेल्या पाल्याचें आच्छादन घालावें. पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत धरतात. त्या वेळीं मुळें कोरडीं पडलीं तर कळ्या वसंताआधींच गळतात. पूर्वेची बाजूहि टाळावी. रात्रीं गोठलेल्या कळीवर सकाळचें ऊन एकाएकीं पडलें तर ती काळवंडते. छाटणी करावयाची ती बहर संपल्यावर.

यावरून कोकणचा किनाराहि त्याला चालेल असें मात्र समजूं नये. समुद्र दोन्हीकडे असला तरी कोकणांत थंडीचा ऋतु नाममात्र असतो. कॅमेलियाला उमलण्यासाठीं गारवा हवा. भारतांत त्याला दार्जिलिंगसारखा थंड डोंगराळ मुलूख अधिक मानवतो.

चिझिकच्या कांचघरांत जुनीं कॅमेलिया अजूनहि दर वर्षीं फुलतात. कॉर्नवॉलमध्यें त्यांचे भाईबंद उघड्या आकाशाखालीं, पावसांत भिजत फुलतात. पहिल्यांना श्रीमंतांच्या कौतुकानें जगविलें. दुसऱ्यांना त्यांच्या मायभूमीसारखी हवा मिळाली. एवढें समजण्यास मात्र सुमारें दोन शतकें लागलीं.