नोकरी बदलली, पगार वाढला आणि कराची मागणी आली

परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन जालन्याच्या बियाणे कंपनीत लागायचे आणि चार-पाच वर्षांनी पुण्याची वाट धरायची, हा मराठवाड्यातील अनेक तरुणांचा क्रम आहे. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली की विवरणपत्र भरताना मात्र धक्का बसतो. दोन्ही कंपन्यांनी नियमानुसार पगार दिलेला असतो, तरीही हजारो रुपयांचा कर शिल्लक निघतो.

समजा, २०२५-२६ या आर्थिक वर्षात पहिले सहा महिने पगार दरमहा ९५ हजार रुपये होता आणि पुढील सहा महिने १ लाख ३५ हजार. पहिल्या कंपनीने वर्षाचे ११ लाख ४० हजार रुपये गृहीत धरले. ७५ हजारांची प्रमाणित वजावट केल्यावर उत्पन्न १२ लाखांच्या आत राहते. नव्या करप्रणालीतील सवलतीमुळे कर शून्य. दुसऱ्या कंपनीने आपल्याकडील ८ लाख १० हजारच पाहिले. तेथेही शून्य. प्रत्यक्षात एकूण पगार १३ लाख ८० हजार, वजावटीनंतर १३ लाख ५ हजार. यावर कर ७५ हजार ७५० आणि ४ टक्के उपकर धरून ७८ हजार ७८० रुपये! प्रमाणित वजावट दोघांनी स्वतंत्रपणे दिली, पण ती एकदाच मिळते. सवलतीचेही तसेच.

यावर खरा उपाय रुजू होतानाच करायचा असतो. आधीच्या कंपनीतील पगार व करकपातीचा तपशील नव्या कंपनीला देण्यासाठी १९६१ च्या कायद्याखाली 'फॉर्म १२ बी' होता. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा आयकर कायदा लागू आहे.) हा तपशील देणे कर्मचाऱ्याच्या हाती असते, दिल्यावर मात्र कंपनीला तो धरूनच कपात करावी लागते. जुना पगार नव्या साहेबांना कळू नये, या संकोचापायी अनेक जण गप्प राहतात. हा संकोच महागात पडतो.

चूक मार्चपूर्वी ध्यानात आली तर उरलेल्या पगारातून जादा कपात करून घ्यावी किंवा स्वतः आगाऊ कर भरावा. ३१ मार्च उलटल्यावर, देय रक्कम १० हजार वा अधिक असल्यास, दरमहा १ टक्का व्याज लागते. वरील उदाहरणात जुलैत भरणा केल्यास चार महिन्यांचे सुमारे ३,१०० रुपये होतात. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचे व्याज निराळे. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ '२६ एएस'शी ताडून पाहावेत आणि स्वयंनिर्धारण कर भरूनच विवरणपत्र दाखल करावे.

एकाच कंपनीचा फॉर्म १६ लावून विवरणपत्र भरले, तर बेंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडून मागणीची सूचना येऊ शकते. ती भरण्यास ३० दिवस असतात. मागणी मान्य नसेल तर आयकर संकेतस्थळावर कारणासह असहमती नोंदवता येते. मान्य असून पैसे नसतील तर मुदतीतच हप्त्यांसाठी अर्ज करावा. ही सूचना ई-मेलवर येते आणि अनेकांनी नोंदवलेला ई-मेल जुन्या कंपनीचाच असतो! राजीनामा देण्यापूर्वी तो बदलावा.

आणखी एक गोष्ट. नोकरी सोडताना भविष्यनिर्वाह निधी काढण्याचा मोह होतो. सलग पाच वर्षांची सेवा नसेल तर ही रक्कम सर्वसाधारणपणे करपात्र ठरते. खाते नव्या कंपनीकडे वर्ग केल्यास मागील सेवाही मोजली जाते.