लग्नाचा चौक कुणाच्या हातचा?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वारल्यांच्या लग्नाची सजावट बाजारातून येत नसे. घरातली भिंत शेण-गेरूनं सारवली जाई आणि सवाशिणी तांदळाच्या पिठानं तिच्यावर लग्नाचा चौक लिहीत. मधोमध पालघाट देवी. चौकाविना लग्न नाही, आणि गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही बाईच.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगाला माहीत झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो मान रास्तच. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं फारशी कुठे नोंदलेली नाहीत.

निकाहच्या पत्रिकेवर ही नक्षी छापताना आपण एवढं ध्यानात ठेवावं: आपल्याला जी सजावट वाटते, ती कुणाची तरी इबादत आहे, आणि ती बायकांच्या हातची आहे.