देवाचा दरबार (सातारा)
रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1917 मध्ये स्थापलेले ख्रिस्तभक्तांचे मंडळ. त्यासाठी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास बिऱ्हाड केले. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही दरबारात प्रवेश होता. त्या काळच्या चर्चला हे धाडस पचणे कठीणच होते.

संन्याशाचा संसार मात्र पत्नी लक्ष्मीबाई यांनी सांभाळला. त्यांचा विवाह 1880 चा. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली. सोवळेओवळे मनातून गळून पडल्यावर 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. म्हणून उतारवयातली त्यांची सोबत निव्वळ पतीमागे जाणे ठरत नाही. स्वतंत्र बुद्धीने पत्करलेली ती सेवा होती, आणि दरबाराच्या इतिहासात तिची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांनी जेमतेम दहा अध्यायांपर्यंत आणलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी 64 अध्याय रचून पुढे नेले. शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या सहजीवनाची हकिकत आहे.