लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट : चार वादक, तीन अल्बम

लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंट हा प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवणारा, पण गायक नसलेला अमेरिकन बँड. माइक पोर्टनॉय (ड्रम), जॉन पेट्रुची (गिटार), जॉर्डन रुडेस (कीबोर्ड) आणि टोनी लेव्हिन (बास) हे त्याचे चार वादक. चौघेही आधीच नावाजलेले असल्याने या बँडला सुपरग्रुप म्हटले जाते. सवड मिळेल तेव्हा एकत्र येणाऱ्या या चौघांचे स्टुडिओ अल्बम तीनच आहेत.

१९९७ मध्ये मॅग्ना कार्टा या ध्वनिमुद्रण कंपनीने निरनिराळ्या बँडमधल्या वादकांचा एक संच जमवण्याचे काम पोर्टनॉयकडे सोपवले. तो तेव्हा ड्रीम थिएटर या बँडचा ड्रमर होता. न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शास्त्रीय पियानो शिकलेला रुडेस आणि किंग क्रिम्सन हा बँड व गायक पीटर गॅब्रिएल यांच्यासोबत वाजवणारा लेव्हिन लगेच ठरले. गिटारवादकाची निवड मात्र अडली. पेट्रुची ड्रीम थिएटरमधलाच असल्याने नवा बँड त्याच बँडची शाखा वाटेल, अशी पोर्टनॉयला शंका होती. इतर नावांचा विचार करून झाल्यावर शेवटी पेट्रुचीच आला.

पहिला अल्बम न्यूयॉर्क राज्यातील मिलब्रूक इथल्या स्टुडिओत आठवडाभराच्या आत तयार झाला आणि मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताशी दिवस मोजके आणि रचना आधी बांधलेल्या नाहीत, त्यामुळे वाजवता वाजवता सुचेल ते पकडायचे, जोडायचे आणि लगेच मुद्रित करायचे, ही पद्धत पडली. ‘पॅराडाइम शिफ्ट’सारख्या वेगवान, ताल सतत बदलणाऱ्या रचनेसोबत ‘स्टेट ऑफ ग्रेस’सारखी संथ, सुरेल रचनाही त्यात आहे. लेव्हिन बासबरोबरच चॅपमन स्टिकही वाजवतो. या वाद्याच्या तारा दोन्ही हातांच्या बोटांनी ठोकून सूर काढतात. अल्बमच्या अखेरीस ‘थ्री मिनिट वॉर्निंग’ ही सुमारे अठ्ठावीस मिनिटांची उत्स्फूर्त रचना आहे. लांबलचक वादनाचा कंटाळा असणाऱ्यांनी त्याआधीच थांबावे, अशी गमतीदार सूचना अल्बमवरच छापली होती.

१९९९ च्या जूनमध्ये दुसरा अल्बम आला. त्यातील ‘अॅसिड रेन’, ‘बायअॅक्सिडेंट’ आणि ‘व्हेन द वॉटर ब्रेक्स’ या रचना गाजल्या. ध्वनिमुद्रण चालू असताना पत्नीच्या बाळंतपणासाठी पेट्रुचीला निघून जावे लागले. मागे राहिलेल्या तिघांनी वाजवलेले बरेच काही ‘लिक्विड ट्रायो एक्सपेरिमेंट’ या नावाने २००७ मध्ये बाहेर आले.

या दोन अल्बमांचा सर्वांत दूरगामी परिणाम मात्र ड्रीम थिएटरवर झाला. रुडेसशी जुळलेले सूर पाहून पोर्टनॉय व पेट्रुची यांनी १९९९ मध्ये त्याला तिथे कीबोर्डवादक डेरेक शेरिनियनच्या जागी घेतले. त्याच वर्षीच्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ या अल्बममध्ये रुडेसच्या कीबोर्डची छाप स्पष्ट ऐकू येते. आता चौघांपैकी तिघे एकाच बँडमध्ये आल्याने वेगळ्या बँडची निकड उरली नाही, आणि लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंटचे काम थांबले.

२००८ मध्ये पहिल्या अल्बमला दहा वर्षे झाल्याच्या निमित्ताने चौघांनी अमेरिकेत मोजके कार्यक्रम केले. शिकागोच्या कार्यक्रमात रुडेसचा कीबोर्ड बंद पडला, तेव्हा बराचसा कार्यक्रम त्यांनी उत्स्फूर्त वादनावर निभावला. याच काळात ते संगीतकार गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ ही १९२४ ची रचना आपल्या ढंगाने वाजवू लागले.

२०१० मध्ये पोर्टनॉयने ड्रीम थिएटर सोडले आणि पुनर्भेटीची शक्यता दुरावली. २०२० मध्ये कोविडच्या साथीने जगभरचे दौरे थांबले, तेव्हा चौघांनाही एकाच वेळी सवड मिळाली. त्या उन्हाळ्यात मुद्रित झालेला तिसरा अल्बम इनसाइडआउट कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये काढला. ‘हायपरसॉनिक’ने सुरू होणाऱ्या या अल्बममध्ये ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ही आहे, आणि उत्स्फूर्त वादनाची स्वतंत्र डिस्क सोबत दिली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परतला, आणि लिक्विड टेन्शन एक्सपेरिमेंटचे तीन सदस्य पुन्हा त्या बँडमध्ये एकत्र आले.