सरकी पेंड (कुक्कुटखाद्य)

सरकी पेंड म्हणजे कपाशीच्या बियांतून तेल काढल्यावर उरणारा चोथा. महाराष्ट्रात ती मुख्यतः दुभत्या जनावरांना खुराक म्हणून देतात. ब्रॉयलर कोंबड्यांच्या संगोपनखर्चात खाद्याचा वाटा सुमारे ६० ते ७० टक्के असल्याने, महाग सोयाबीन पेंडीला अंशतः पर्याय म्हणूनही ती वापरली जाते. टरफल काढलेल्या सरकीच्या पेंडीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. टरफलासहित पेंडीत प्रथिने कमी व तंतू अधिक असतात. सरकीतील गॉसिपॉल हे रंगद्रव्य मुक्त स्वरूपात विषारी असून पक्ष्यांची वाढ खुंटवते. तेल काढताना उष्णतेमुळे ते लायसिन या आवश्यक ॲमिनो आम्लाशी बद्ध होते. त्यामुळे विषारीपणा घटतो, परंतु पक्ष्यांना मिळणारे लायसिनही कमी होते. म्हणून पेंडीचे प्रमाण मर्यादित ठेवून लायसिन वेगळे पुरवतात. खाद्यात फेरस सल्फेट मिसळल्यास त्यातील लोह मुक्त गॉसिपॉलला बांधून ठेवते.