शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

नाशिकहून मुंबईकडे जाताना पावसाळ्यात कसारा घाट उतरणे ही मोटारीची खरी परीक्षा असते. वाहनधारक ब्रेक व टायरची काळजी घेतात; शॉक ॲब्सॉर्बरकडे मात्र दुर्लक्ष होते. मोटारीचे वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगची उसळी आवरून चाक रस्त्याला टेकलेले ठेवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. बहुतेक मोटारींत पुढील चाकांना हे दोन्ही एकत्र बसविलेला स्ट्रट असतो.

हा भाग हळूहळू झिजतो आणि चालकाला त्याची सवय होते. म्हणून पुढील लक्षणे जाणीवपूर्वक पाहावीत:

* ब्रेक लावताच मोटारीचे नाक खाली झुकणे.
* वळणावर मोटार एका बाजूला जास्त कलणे.
* गतिरोधक ओलांडल्यावर मोटार पुन्हा पुन्हा हेलकावणे.
* टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसणे.
* शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवरून तेल ओघळणे. तेलाचा केवळ पुसट थर असल्यास घाबरण्याचे कारण नाही.

खडखडाट रबरी बुश झिजल्यानेही होतो. त्यामुळे केवळ आवाजावरून निष्कर्ष काढू नये.

सुमारे ८० हजार किलोमीटरनंतर नियमित तपासणी करावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती त्याआधीच करावी. एकाच बाजूचा भाग न बदलता पुढील किंवा मागील जोडी एकदम बदलावी. स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. चाक रस्त्यावर टेकलेले नसेल, तर उत्तम ब्रेकही मोटार वेळेत थांबवू शकत नाहीत.